इथेनॉल, डिझेल आणि धुराचा हिशेब

प्रस्तावना

खंबाटकीचा घाट चढताना मालाने लादलेल्या जुन्या ट्रकच्या मागे ज्याची दुचाकी अडकली आहे, त्याला डिझेलचा धूर म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. वळणावर चालक गिअर खाली घेतो, ॲक्सिलरेटर दाबतो आणि सायलेन्सरमधून काळा लोट बाहेर पडतो. डोळे चुरचुरतात, रुमाल नाकाशी जातो. घाट उतरून वाई-भुईंजच्या बाजूला आले की रस्त्याच्या कडेने ऊस लागतो, कारखान्याची चिमणी दिसते, हंगामात मळीचा आंबूस वास हवेत असतो. त्या मळीपासून जे अल्कोहोल निघते ते डिझेलमध्ये मिसळले, तर घाटातला तो लोट कमी होईल का? या पुस्तकाचा जन्म एवढ्याच साध्या प्रश्नातून झाला.

एका शब्दात उत्तर द्यायचे तर ते ‘हो’ असे आहे. लोट कमी होतो. निरनिराळ्या देशांच्या प्रयोगशाळांनी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे. मात्र धूर कमी झाला म्हणजे प्रदूषणही तेवढेच कमी झाले असा अर्थ आपण लावतो, आणि तिथे फसतो. सायलेन्सरमधून निघणाऱ्या बहुतेक घातक वायूंना रंगच नसतो. डिझेल गाडीची पीयूसी काढताना आपल्याकडे फक्त धुराची घनता मोजतात. म्हणजे अल्कोहोल मिसळलेल्या डिझेलवर चालणारी गाडी पीयूसी केंद्रावर सहज उत्तीर्ण होईल, आणि तरीही ती हवेत काय सोडते आहे याचा अर्धाअधिक हिशेब कागदावर येणारच नाही. तो राहून गेलेला हिशेब मांडणे हा या लेखनाचा हेतू आहे.

हा विषय आज निकडीचा का झाला, ते आधी पाहू. पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे मळीतून निघणारे हेच अल्कोहोल, मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, आणि त्यांत महाराष्ट्रातले मिरज आणि मनमाड होते. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम आला. २०१८ चे राष्ट्रीय जैवइंधन धोरण, २०२२ मधली त्याची सुधारणा असे टप्पे घेत २०२५ मध्ये देशाने वीस टक्क्यांची पातळी गाठली. पण आपल्या देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे. ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, शेतातले पंप, मच्छीमारांच्या बोटी हे सारे डिझेलवर चालते. पेट्रोलमध्ये जमले ते डिझेलमध्ये का जमू नये, असे कुणालाही वाटेल. कारखान्याच्या सभासदाला वाटते, तसे धोरण ठरवणाऱ्यालाही वाटते.

ते सहज जमत नाही, याचे कारण इंजिनाच्या स्वभावात आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी इंधन पेटवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी ऑग्सबुर्गला १८९७ मध्ये जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्याचे मर्मच हे होते की हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. असे आपोआप पेटण्याची तयारी सीटेन अंकाने मोजतात. भारत स्टेज ६ या उत्सर्जन मानकाच्या डिझेलचा सीटेन अंक किमान ५१ असावा लागतो. इथेनॉलचा अंक ८ च्या आसपास धरतात. पेट्रोल इंजिनात इथेनॉलचा जो गुण कामी येतो, म्हणजे लवकर आपोआप न पेटणे, तोच डिझेल इंजिनात अवगुण ठरतो. ब्राझीलने १९७५ मध्ये अल्कोहोलचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि मोटारी उसाच्या इंधनावर चालवून दाखवल्या; तिथले ट्रक मात्र डिझेलवरच राहिले.

तरीही लोकांनी प्रयत्न सोडले नाहीत. स्टॉकहोमच्या शहर बससेवेने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ शुद्ध इथेनॉलवर बसगाड्या चालवल्या. त्यासाठी इंधनात ज्वलन सुधारणारे द्रव्य घातले आणि इंजिनाचे संपीडन गुणोत्तर २८ पर्यंत वाढवले. नेहमीच्या डिझेल इंजिनात ते १६ ते १८ च्या आसपास असते. तशीच एक बस २०१४ मध्ये नागपूरच्या रस्त्यावर धावली. पण हा मार्ग वेगळ्या इंजिनाचा आहे. आहे त्याच गाडीत, आहे त्याच पंपावरून भरता येईल असे मिश्रण हवे असेल, तर प्रमाण कमी ठेवावे लागते. कर्नाटकात राज्य परिवहनच्या बसगाड्यांत सुमारे ७.७ टक्के इथेनॉल मिसळलेले डिझेल वापरून पाहिले गेले. मार्च २०२३ मध्ये बंगळुरूत पंधरा टक्के मिथेनॉल, म्हणजे दुसरे एक अल्कोहोल, मिसळलेल्या डिझेलवर बसगाड्यांची चाचणी सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितले की डिझेलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग यशस्वी झाले नाहीत आणि आता आयसोब्युटेनॉल हे वेगळे अल्कोहोल मिसळण्याच्या शक्यतेवर काम चालू आहे. हे काम पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एआरएआय’मध्ये होत आहे. म्हणून या विषयाची नीट ओळख मराठीत असणे आता गरजेचे वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अल्कोहोलने काळा धूर कमी का होतो?

काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन, काजळी. डिझेल इंजिनात इंधन फवाऱ्याच्या रूपात शिरते. फवाऱ्याच्या कडेला हवा भरपूर असते, पण गाभ्यात इंधन दाट आणि हवा तुटपुंजी असते. त्या गाभ्यात इंधनाचे लांब रेणू उष्णतेने तुटतात, त्यांची वलये जुळतात, वलयांचे थर साचतात आणि काजळीचा कण तयार होतो. आपल्या घरच्या चिमणीची वात जास्त वर केली की काच काळी होते, त्याचेच हे मोठे रूप. डिझेलच्या रेणूंत ऑक्सिजन जवळपास नसतोच. इथेनॉलच्या वजनात मात्र सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. दहा टक्के इथेनॉल मिसळले की मिश्रणाच्या वजनात तीन टक्क्यांहून थोडा अधिक ऑक्सिजन येतो. आकडा लहान दिसतो, पण हा ऑक्सिजन नेमका जिथे हवा पोहोचत नाही तिथे, फवाऱ्याच्या गाभ्यात, इंधनाबरोबर जाऊन पोहोचतो. ऑक्सिजनला चिकटलेला कार्बन काजळीच्या वाटेला सहसा जात नाही.

दुसरे कारण असे की अल्कोहोल पेटायला वेळ लावते. त्या उशिरात हवा आणि इंधन अधिक मिसळतात, दाट कप्पे कमी उरतात. त्यामुळे इंजिनावर ताण जितका अधिक, तितका अल्कोहोलचा फायदा ठळक. घाट चढणारा लादलेला ट्रक हे त्याचे उत्तम उदाहरण. फायदा खरा आहे आणि तो लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. फुप्फुसात खोल जाऊन बसणारे काजळीचे कण कमी होत असतील, तर ते महामार्गाच्या कडेला टपरी चालवणाऱ्या माणसासाठी मोलाचे आहे.

पण हाच ट्रक घाट उतरून टोल नाक्याच्या रांगेत उभा राहिला, की हिशेब बदलतो. इंजिन नुसते गुरगुरत असते, इंधन थोडे जात असते, सिलिंडरमधली उष्णता कमी असते. अशा वेळी अल्कोहोलचे दोन गुण अंगावर येतात. एक, ते वाफ होताना डिझेलच्या तिपटीहून अधिक उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली हवा गार होते. दोन, ते पेटायला आधीच कुरकुरत असते. परिणामी काही इंधन अर्धवट जळते. कार्बन मोनॉक्साइड वाढतो, न जळलेले हायड्रोकार्बन वाढतात. शिवाय इथेनॉल अर्धवट जळाले की ॲसिटाल्डिहाइड तयार होते, मिथेनॉलपासून फॉर्माल्डिहाइड. डोळ्यांना झोंबणारे हे वायू दिसत नाहीत. फॉर्माल्डिहाइड तर त्याच कर्करोगकारक पहिल्या गटात आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करून दहा मिनिटे स्टँडवर उभी असलेली बस आणि तिच्यामागे रांगेत उभे असलेले प्रवासी डोळ्यांसमोर आणावेत. त्यांच्यासाठी अल्कोहोलचा हिशेब घाटातल्या दुचाकीस्वाराच्या हिशेबाहून वेगळा निघतो.

नायट्रोजनच्या ऑक्साइडांबाबत प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. हे वायू इंधनातून येत नाहीत. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन प्रचंड उष्णतेत एकत्र येऊन ते होतात. अल्कोहोलच्या गारव्याने उष्णता उतरली की ते कमी होतात. पण उशिरा पेटल्यामुळे साठलेले मिश्रण एकदम भडकले आणि रेणूंतला जादा ऑक्सिजन हाताशी असला, की ते वाढतात. या दोन ओढींत कुठली जिंकते ते इंजिनावर, भारावर, इंधन सोडण्याच्या वेळेवर आणि अल्कोहोलच्या प्रमाणावर ठरते. म्हणून ‘अल्कोहोलने नायट्रोजन ऑक्साइड इतके टक्के कमी होतात’ असे सरसकट वाक्य कुणी सांगितले, तर वाचकाने आधी विचारावे: कोणते इंजिन, किती भार, किती फेरे? हे तीन प्रश्न विचारण्याची सवय वाचकाला लागली, तरी या पुस्तकाचे बरेचसे काम झाले असे मी मानेन.

आणखी एक गोष्ट फार कमी वेळा बोलली जाते. अल्कोहोलच्या धुराविषयीचे पुष्कळसे संशोधन जुन्या इंजिनांवर झाले आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झाले. डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा दर किलोमीटरला २५० मिलीग्रॅमवरून ८० वर आली, कणांची ४.५ मिलीग्रॅम झाली. नव्या गाडीच्या सायलेन्सरआधी काजळी अडवणारा फिल्टर असतो, अर्धवट जळलेले वायू जाळणारा उत्प्रेरक असतो, आणि मोठ्या गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड फोडणारी यंत्रणा असते, जिच्यासाठी ट्रकवाले ‘युरिया’ भरतात. अशा गाडीत काजळी आधीच फिल्टरमध्ये अडकते. मग अल्कोहोलचा फायदा कुठे उरतो? उरतो, पण जागा बदलून. फिल्टर सावकाश भरतो, तो जाळून साफ करण्याची पाळी कमी वेळा येते, आणि अल्कोहोल मिश्रणाची काजळी जळायलाही तुलनेने सोपी असते. उलट बाजूला, धूर गार झाला की उत्प्रेरक कामाला लागत नाही. त्याला साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब लागते. थांबत थांबत चालणाऱ्या शहर बसला ती ऊब टिकवणे अवघड जाते.

म्हणजे जुन्या ट्रकला अल्कोहोलचा लाभ सर्वांत जास्त, आणि त्याच जुन्या ट्रकला त्याचा त्रासही सर्वांत जास्त. जुना इंधन पंप डिझेलच्याच तेलकटपणावर चालतो. अल्कोहोल पातळ आणि कोरडे असते, त्यामुळे पंपाचे आणि नोझलचे भाग झिजतात. काही रबरी सील फुगतात. दहा टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणाच्या एका लिटरमध्ये शुद्ध डिझेलपेक्षा साधारण चार टक्के ऊर्जा कमी असते, आणि ते ट्रकमालकाच्या खिशाला कळते.

सर्वांत मोठी अडचण मात्र इंजिनात पोहोचण्याआधीच उभी राहते. इथेनॉल आणि डिझेल यांचे मुळात फारसे पटत नाही. इथेनॉल पाण्याकडे ओढ घेणारे, डिझेल तेलाच्या जातीचे. मिश्रणात थोडे पाणी शिरले, किंवा तापमान दहा अंशांच्या आसपास उतरले, की दोन्ही वेगळे होऊन थर धरतात. निफाडच्या थंडीत पारा त्याच्याही खाली जातो, आणि कोकणात चार महिने हवाच ओली असते. टाकीच्या तळाशी इथेनॉल आणि वर डिझेल, किंवा याच्या उलट काही, असे झाले तर इंजिनाला एका वेळी कोणते इंधन मिळेल सांगता येत नाही. म्हणून मिश्रण बांधून ठेवणारे तिसरे द्रव्य घालावे लागते. बायोडिझेल त्यासाठी चालते.

आणि मग आगीचा प्रश्न. डिझेल सुरक्षित समजले जाते, कारण नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ पेटण्याइतकी साठत नाही. पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की हवाच अपुरी पडते. डिझेलमध्ये थोडेसेच इथेनॉल घातले, तरी टाकीतली वाफ बरोबर या दोहोंच्या मधोमध, पेटायला योग्य अशा पट्ट्यात येते. इथेनॉलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेटण्याइतकी साठते ते, १३ अंश आहे. आपल्या प्रमाणकानुसार डिझेलचा किमान ३५ असावा लागतो. पंपावरच्या माणसाच्या आणि टँकरचालकाच्या जिवाशी संबंधित ही गोष्ट आहे. उत्सर्जनाच्या चर्चेत तिचा उल्लेख राहून जातो, म्हणून या पुस्तकात तिला स्वतंत्र जागा दिली आहे.

आयसोब्युटेनॉलकडे लक्ष वळण्याचे कारणही इथेच आहे. त्याच्या रेणूत चार कार्बन असतात, त्यामुळे ते डिझेलशी सहज एकजीव होते, पाणी कमी ओढते, आणि त्यात इथेनॉलपेक्षा ऊर्जा जास्त असते. ज्वलनांक २८ अंशांच्या आसपास, म्हणजे इथेनॉलपेक्षा बरा, तरी डिझेलच्या खालचाच. वजनातला ऑक्सिजन साधारण २२ टक्के, म्हणजे काजळी कमी करण्याचा गुण शिल्लक, पण सौम्य. उसाच्या साखरेपासून ते आंबवून करता येते. मात्र इथेनॉल करणारे नेहमीचे यीस्ट त्याला पुरत नाही, सूक्ष्मजीव आणि प्रक्रिया वेगळ्या लागतात. महाराष्ट्रातल्या आसवन्यांपुढे ही संधी आहे, आणि ती किती खर्चात पेलेल हे पाहावे लागेल.

शेवटी कार्बन डायऑक्साइडविषयी. इथे वाचकाने सायलेन्सरकडे पाहणे सोडून शेताकडे पाहावे. समान ऊर्जेसाठी डिझेल आणि इथेनॉल जाळले, तर नळीतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये नगण्य फरक पडतो. अल्कोहोलचा फायदा असा की त्यातला कार्बन उसाने वर्षभरापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. पण त्या उसाला खत लागते, पाणी लागते, तोडणी आणि वाहतूक लागते. मराठवाड्यात प्यायच्या पाण्याला टँकर आणि उसाला पाट, हे चित्र आपण पाहिलेले आहे. पाऊस कमी झाला म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारने बंधने घातली, तेव्हा ज्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या उभारल्या होत्या त्यांची काय अवस्था झाली, हेही आपल्या आठवणीत ताजे आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे आसवनीचे सांडपाणी, निघते. ते नीट हाताळले नाही, तर घाटातला धूर कमी करताना आपण नदी काळी करू. उत्सर्जनाचा हिशेब सायलेन्सरच्या तोंडाशी सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही.

हे सगळे लिहिताना माझ्यासमोर तीन वाचक आहेत. एक, अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ज्याला प्रयोगशाळेत इंजिन चालवून आलेख काढायचे आहेत. दुसरा, गॅरेजमधला मिस्त्री, ज्याच्याकडे उद्या अशा इंधनाची तक्रार घेऊन गिऱ्हाईक येईल आणि ज्याला पंप उघडण्याआधी कारण कळायला हवे. तिसरा, ऊस घालणारा सभासद शेतकरी, ज्याच्या उसावर हे सगळे उभे राहणार आहे. तिघांच्याही हाती एकच पुस्तक द्यायचे, म्हणून रसायनशास्त्र आवश्यक तेवढेच ठेवले आहे, आणि गॅरेजमध्ये जो शब्द चालतो तोच शब्द वापरला आहे.

प्रकरणांची मांडणी इंधनाच्या प्रवासाच्या क्रमाने केली आहे. आधी शेत आणि आसवनी, मग साठवण आणि पंप, नंतर सिलिंडर, त्यानंतर सायलेन्सर आणि उत्प्रेरक, शेवटी हवा आणि ती घेणारा माणूस. ज्याला फक्त धुराविषयी जाणून घ्यायचे आहे त्याने थेट चौथ्या भागाकडे जावे. पण परत येऊन पहिला भागही वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अल्कोहोलच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले नाही. उसाच्या पट्ट्यातच मी लहानाचा मोठा झालो. कारखाना चालला तर गावात लग्ने होतात आणि मुलांच्या फिया भरल्या जातात, हे मी पाहिले आहे. म्हणूनच शेतकऱ्याला अर्धे सत्य सांगून एखाद्या इंधनामागे उभे करणे मला अन्यायाचे वाटते. आज मिश्रण आणायचे आणि पाच वर्षांनी त्याचे दोष दाखवून ते मागे घ्यायचे, यात नुकसान त्याचेच होते. त्यापेक्षा आधी मोजावे: घाटात मोजावे, स्टँडवर मोजावे, थंड इंजिनावर मोजावे आणि तापलेल्यावर मोजावे, धुराबरोबर ॲल्डिहाइडही मोजावेत, आणि पीयूसीच्या कागदावर त्या आकड्यांना कधी जागा मिळेल याचाही विचार करावा.

घाटात ट्रकमागे अडकलेला तो दुचाकीस्वार आणि पहाटे स्टँडवर बसमागे उभी असलेली प्रवासी स्त्री, दोघेही एकच हवा घेतात. पहिल्याच्या डोळ्यांतली आग कमी करताना दुसरीच्या श्वासात भर पडत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी इंधन बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि त्यावर लिहिणाऱ्या आपणा सर्वांवर आहे. पुढची पाने त्या जबाबदारीच्या भावनेने लिहिली आहेत. वाचकांनीही ती तशीच तपासून घ्यावीत.